पुढं सरका, जागा आहे

वसंतकाका कोणाच्याही घरी गेले की उंबऱ्यातूनच ओरडतात, "चला, पुढं सरका, जागा आहे!" घरात एक म्हातारी आणि एक मांजर असली तरी दोघी सरकतात. काका जन्मभर एसटीत कंडक्टर होते. निवृत्त झाले ते फक्त गाडीतून.

सध्या ते माझ्याबरोबर लोकांचं सुख मोजतात. चेष्टा नाही. मोताळ्याजवळच्या धरणाकाठी जी मासेमार कुटुंबं आहेत, त्यांची सामाजिक-आर्थिक स्थिती मोजायचं काम आमच्या संस्थेला मिळालंय. ज्या गावाची स्थिती वाईट ठरेल त्याला काठापर्यंत रस्ता आणि मासळीसाठी बर्फाची पेटी मिळणार. प्रश्नावली मात्र शहरातल्या साहेबांनी कोकणच्या किनाऱ्यासाठी केलेली, तीच इकडे धाडली. मासे तिकडेही, मासे इकडेही, विषय संपला! मी संतापून लांबलचक निषेधपत्र लिहिलं. काकांनी ते वाचलं नाही. ते सरळ पहिल्या घरात शिरले.

"मावशी, तुमच्या घरून समुद्र कितीक दूर आहे?"

मावशी विचारात पडली. "मलकापूरहून गाडी भेटत असंल. काऊन, तुम्ही चालले का?"

"मी नाई. सायेब विचारून राह्यले."

"मंग त्याइले सांगा, भाकर बांधून निघा म्हणा."

काकांनी गंभीरपणे लिहिलं, 'मलकापूरला गाडी बदलून.'

इथवर मी सहन केलं. पण काकांचं खरं खूळ पुढं होतं. यजमानाने 'जेवून जा' म्हटल्याशिवाय ते घर सोडायचे नाहीत. कोणी विसरलंच तर आठवण करायचे, "काय वास सुटला हो चुलीवरून!" मग बिचारी माणसं म्हणायचीच. काका आनंदाने उठायचे, घासभरही न खाता बाहेर पडायचे आणि प्रश्नावलीत त्या घराच्या नावापुढे लिहायचे, 'सुखी'.

"काका, छपराला भोक आहे. होडीला भोक आहे. सुखी कसे?"

"जेवाले बोलावणारं घर दुखी कसं राहीन, पोरी?"

"अहो, अख्खं गाव सुखी निघालं तर रस्ता कोण देईल यांना? गरिबांनी अगत्यही करायचं नाही का आता?"

"तेच तं म्हणतो मी!" काका म्हणाले. काय म्हणत होते, देव जाणे.

व्हायचं तेच झालं. साहेबांचा फोन आला. सगळं धरण सुखी कसं? त्या माणसाला आजच काढा. आयुष्यात पहिल्यांदा मला साहेबांचं पटलं.

दुपारी मी काकांचं घर गाठलं. वाटेत वाक्यं घोटून ठेवली होती, पत्रकातल्यासारखी, धारदार. दार उघडं होतं. काका चुलीपुढे भाकरी थापत होते. टोपल्यात भाकरींची चळत.

"पाहुणे येणार आहेत का, काका?"

"नाई व. तुई काकू गेल्यापासून एकट्याच्या पिठाचं माप काही जमलंच नाई. उरतेच रोज." मग तव्याकडे बघतच म्हणाले, "जेवून जाय."

"नको. मी एक सांगायला आले होते."

"बरं."

बस, एवढंच. दुसऱ्यांदा म्हणाले नाहीत. लोकांच्या चुलीचा वास घेऊन आमंत्रण काढणारा हा माणूस स्वतःच्या घरी एका 'नको'वर गप्प झाला. टोपल्यावर फडकं टाकलं.

माझी धारदार वाक्यं उंबऱ्यातच राहिली. मी चप्पल काढली.

"काका, पुढं सरका."

"काऊन?"

"जागा आहे ना?"

सगळं घर रिकामं होतं. तरी काका सरकले.

जेवताना मी सांगून टाकलं, "साहेबांचा फोन होता, तुम्हाला काढा म्हणून. काढणार नाही. पण उद्यापासून छपराचं, होडीचं मी विचारणार. जेवणाचं तुम्ही विचारा. रकाने वेगळे."

"आन् समुद्राचं?"

"ते साहेबांना विचारू. बरं, तुमचं घर कोणत्या रकान्यात टाकू?"

काकांनी माझ्या ताटात आणखी एक भाकरी टाकली.

"आधी जेव," म्हणाले. "मंग लिह्य."