दामूकाकांनी न भरलेला चुडा

पेणच्या दामूकाका कासारांना बायकांची नावं लक्षात राहत नसत. बांगडीचं माप मात्र एकदा हात धरला की जन्मभर राहायचं. त्यामुळे भर बाजारात समोरून येणाऱ्या बाईला ते खुशाल तिच्या मापाने हाक मारत. "ए दोन-सहा, पोराची परीक्षा झाली का गो?" "दोन-आठ, सासूचा गुडघा कसा हाय?" मी त्यांची दोन-चार. एकदा पेणच्या बाजारात माझ्या नवऱ्याचे साहेब भेटले, तेव्हा दामूकाकांनीच पुढे होऊन माझी ओळख करून दिली, "ही रोह्याची दोन-चार. शाळेत शिकवते." साहेबांना वाटलं, शिक्षणखात्यातली काहीतरी श्रेणी असावी. त्यांनी आदराने मान डोलावली.

बांगड्यांची मापं दोन-चार, दोन-सहा, दोन-आठ अशी चढत जातात. दोन-चार म्हणजे नाजूक हात. बाकी माझ्यात नाजूक असं काही नव्हतं, म्हणून मला ती हाक फार आवडायची.

माझं माहेर पेणचं, सासर रोह्याचं. लग्नानंतरही बांगड्या भरायच्या त्या दामूकाकांकडेच, हा माझा हट्ट. कारण त्यांच्या हातून बांगडी चढताना दुखत नसे. ते माझा अंगठा तळव्यात दुमडून धरत, बोटांची मुळं हलकेच दाबत, डोळे मिटत आणि पावटा महागला की स्वस्त झाला यावर बोलू लागत. पावट्याचं संपेपर्यंत डझनभर बांगड्या मनगटावर गेलेल्या असायच्या. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. दुकानामागच्या खोलीत एकटेच राहत. पेणच्या निम्म्या बायकांचे हात त्यांनी हातात घेतले होते, आणि त्यातून त्यांना एक खोड जडली होती. ते हातावरून तब्येत सांगत.

"हात सांगतो, बाय नाय सांगत," हे त्यांचं पालुपद. बाईने कितीही "मी बरी आहे" म्हटलं तरी ते हात धरून गप्प बसायचे आणि मग एकदम म्हणायचे, "तू जेवत नायस." ती बिचारी तिथेच रडायला लागायची.

त्यांच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर, एक लहानसं नर्सिंग होम होतं. तिथे महिन्याच्या पहिल्या रविवारी मुंबईहून हार्मोनचे डॉक्टर येऊ लागले. हार्मोन हा शब्द तेव्हा आमच्याकडे नवा होता. असा वेगळा डॉक्टर कशाला लागतो, हे पेणमध्ये फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. जिना चढण्याआधी पेशंट दामूकाकांच्या बाकावर बसत, आणि पेशंट संपले की डॉक्टर चहाला त्याच बाकावर. काही महिन्यांत दामूकाका लोकांना समजावून सांगू लागले, "अंगात बारीक बारीक गाठी असतात. गळ्यात एक, डोक्यात एक, पोटात दोन-तीन. त्या रक्तात रस सोडतात. कमी सोडला का माणूस मंदावतो, जास्त सोडला का सुटलेल्या बैलागत धावतो. साधा डॉक्टर ताप बघतो, हा गाठी बघतो."

मग तर विचारूच नका. ज्या हातांत बांगडी भरतील त्यातल्या दर चौथ्या हाताला ते वरचा मजला दाखवू लागले. आमच्या शाळेतल्या शिपाई सुमनताई माझं ऐकून त्यांच्याकडे बांगड्या भरायला गेल्या. ऐन एप्रिलात त्यांचा हात थंडगार आणि खरखरीत लागला, तर यांनी बांगड्या बाजूला ठेवून त्यांना जिना चढायला लावला. डॉक्टरांनी रक्त तपासलं, गळ्यातली गाठ मंदावली होती. रोज सकाळी उपाशीपोटी एक बारकी गोळी सुरू झाली. तीन वर्षं त्या माउलीला घरात आळशी, झोपाळू म्हणून बोलणी बसत होती. दोन महिन्यांत ती चटपटीत कामाला लागली. गोळी दाखवून मला म्हणाली, "बाई, एवढ्याशा गोळीसाठी मी तीन वर्षं शिव्या खाल्ल्या."

दामूकाका चुकायचेही. तशाच गेलेल्या आमच्या मुख्याध्यापिकांचा हात गरम आणि थरथरता लागला म्हणून त्यांनाही वर पाठवलं. सगळे रिपोर्ट चोख आले. चहाच्या वेळी डॉक्टर म्हणाले, "काका, त्या बाई तुमच्यावर चिडल्या होत्या, म्हणून हात थरथरत होता." पण डॉक्टर त्यांना हसले नाहीत कधी. कुणी "कासाराने पाठवलंय" म्हटलं की ते खुर्ची पुढे ओढून बसत.

इथवर सगळी गंमत होती. पुढची गोष्ट माझी आहे.

माझ्या नणंदेचं लग्न रोह्याला होतं. चुडा भरायला दामूकाकांनाच बोलवायचं, असं मीच सासूबाईंच्या गळी उतरवलं. काका खोके मांडीवर घेऊन गडब-नागोठणे करत एस.टी.ने आले. ओटीवर जाजम घातलं, नवरीचा हिरवा चुडा झाला, मग घरच्या सवाष्णी बसल्या. मी आधी पुढे झाले. मधली दोन-तीन वर्षं पेणला जाणं झालं नव्हतं, आणि जुन्या बांगड्या इतक्या घट्ट झाल्या होत्या की सकाळीच साबण लावून, काही फोडून काढल्या होत्या. हात मोकळे होते.

दामूकाकांनी हात धरला. डोळे मिटले. पावट्याचा विषय निघाला नाही. त्यांनी दुसरा हात मागितला. मनगट दाबलं, पंजा दाबला, बोटांची पेरं एकेक करून चाचपली. मग हात माझ्या मांडीवर ठेवला आणि म्हणाले, "मी तुला नाय भरणार."

मी हसून म्हटलं, "काका, दोन-आठ झालंय आता. लग्न मानवलंय."

"लग्न मानवलं का मनगट जाड होतं. तुझं मनगट तेवढंच हाय. पंजा मोठा झालाय. मोठ्या बाईचा पंजा वाढत नाय. आधी डॉक्टरकडं जा, मग भरीन."

सासूबाई माजघरातून बाहेर आल्या. "लग्नघरात सवाष्णीला चुडा नाकारता? हा काय अभद्रपणा?"

"आई, मला काय बोलायचं ते बोला," काका हात जोडून म्हणाले, "पण पोरीला दाखवा. लवकर दाखवा."

त्यांनी खोके आवरले आणि न जेवता चालू लागले. सासूबाईंनी तिथल्या तिथे रोह्याच्या दुसऱ्या कासाराला बोलावलं. त्याने साबण लावून, रेटून, दोन-दहाच्या बांगड्या घातल्या. अंगठ्याचं सालटं निघालं. त्या लग्नातल्या प्रत्येक फोटोत मी उजवा हात पदराखाली घेतलेला आहे.

मी दामूकाकांवर इतकी संतापले होते की पुढचे दोन महिने जी भेटेल तिला त्यांचा उद्धार ऐकवला. कासाराने कासारासारखं राहावं, माप विसरला म्हणून डॉक्टर झाला, असलं काय काय मी बोलले. आता आठवलं की जिभेला चटका बसतो.

तरी ते वाक्य डोक्यातून जाईना. मोठ्या बाईचा पंजा वाढत नाय. माझं वर्षानुवर्षं डोकं दुखत होतं, त्यावर चष्मा दिला होता. घाम फार यायचा, तो कोकणच्या हवेच्या नावावर खपत होता. पाळी बंद झाली होती, त्यावर नवस बोलले होते. चप्पल दोन नंबरांनी वाढली होती, त्यावर काहीच केलं नव्हतं. आरशातला जबडा रुंद झाला होता, तर सासूबाई म्हणायच्या, वडिलांवर गेलीस.

एक दिवस वर्गात खिडकीकडच्या बाकावरची मुलगी रडकुंडीला येऊन म्हणाली, "बाई, मी केव्हाची हात वर करून बसलेय. तुम्ही माझ्याकडे बघतच नाही." मी फळ्याकडे नजर धरून स्वतःचा हात बाजूला नेला. थोडा नेला तोच तो दिसेनासा झाला. दुसरा नेला, तोही गेला. तास सुटेपर्यंत मी खडू धरून तशीच उभी होते.

पहिल्या रविवारी आम्ही दोघं पेणला गेलो. दामूकाकांचं दुकान उघडं होतं. मी मान खाली घालून जिना चढले.

डॉक्टरांनी आधी रक्त काढलं नाही. चेहरा ताडून बघायला माझ्या लग्नातला जुना फोटो आहे का विचारलं. अंगठी घालून बघायला सांगितली, ती पेरावरच अडली. समोर बसून त्यांनी आपली बोटं बाजूंनी हलवली आणि कुठे दिसतात ते विचारलं. मग मुंबईला नेऊन, साखरेचं पाणी पाजून, दोन तासांत पाचदा रक्त घेतलं. डोक्याचा स्कॅन केला. नंतर कागदावर चित्र काढून समजावलं. डोळ्यांच्या नसांच्या खाली वाटाण्याएवढी ग्रंथी असते. तिच्यावर गाठ आली होती आणि ती वाढीचा रस सोडत बसली होती. "लहान वयात हे झालं तर माणूस उंच होतो," डॉक्टर म्हणाले, "मोठेपणी उंचीची वाट बंद असते, म्हणून हात, पाय, जबडा वाढतो. गाठ आता डोळ्यांच्या नसा दाबतेय. आणखी वर्षभर थांबला असतात तर मी तुम्हाला नजरेबद्दल काही सांगू शकलो नसतो."

ऑपरेशन नाकातून झालं. डोक्याचं ऑपरेशन नाकातून, यावर रोह्यात कुणाचाही विश्वास बसला नाही. सासूबाई भेटायला येणाऱ्यांना माझ्या नाकाकडे बोट करून दाखवायच्या आणि मग डोळे पुसायच्या. नजर बरीचशी परत आली. डाव्या डोळ्याची कड गेली ती गेलीच. गोळ्या कायमच्या लागल्या. मुलाचं विचारलं तेव्हा डॉक्टरांनी उगाच आशा लावली नाही. ते प्रयत्न करत राहिले, आम्हीही राहिलो, आणि मूल झालं नाही. त्या गोष्टीचं मला आजही वाईट वाटतं, ते लपवण्यात अर्थ नाही.

सहा महिन्यांनी मी दामूकाकांकडे गेले. दुपारची वेळ होती, दुकान ओढून घेतलेलं. मागच्या खोलीत ते तांदूळ निवडत बसले होते. मी हात पुढे केला. त्यांनी ताट सरकवलं, हात धुऊन पुसले आणि माझा हात घेऊन डोळे मिटले.

"दोन-सहा," ते म्हणाले. "खाली आलं गो." आणि त्यांच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी आलं.

मी माफी मागितली. मग जे मनात होतं ते विचारलं, "काका, एवढ्या बायकांत कशाला बोललात? बाजूला घेऊन सांगायचं."

"बाजूला सांगितलं असतं तर तू हसून सोडलं असतंस. चारचौघांत लागलं म्हणून ध्यानात राहिलं."

ते उठले. फळीवरून कापडात गुंडाळलेली लाकडाची दांडी काढली. दुकानात बांगड्या लावतात तसली. तिच्यावर सात बांगड्या होत्या, लहानापासून मोठीपर्यंत. त्या त्यांच्या बायकोच्या होत्या. दर दिवाळीला ते तिला नवीन भरत आणि जुन्यातली एक न फोडता उतरवून ठेवत.

"डॉक्टरला दाखवली ही," ते म्हणाले. "लई वर्षांनी. त्यांनी तिसरीवर बोट ठेवलं, म्हणाले, हितनं सुरू झालं असणार. मग म्हणाले, काका, त्या काळी कुणालाच कळलं नसतं. चांगला माणूस हाय. माझ्यासाठी खोटं बोलला."

मी दांडी मांडीवर घेतली.

"जगाचे हात वाचत होतो," दामूकाका म्हणाले. "घरचा हात वाढला तर मला कौतुक. शेजारणींना बोलावून दाखवला गो. म्हटलं, कासाराच्या घरचा हात बघा, कसा भरलाय. ती बिचारी डोकं धरून हसायची. शेवटी शेवटी दिसत नव्हतं तिला. दिवाळीला हात पुढं करायची आणि विचारायची, हिरव्याच हायत ना? तेवढ्या मापात हिरव्या मिळत नव्हत्या कुटं. मी म्हणायचो, व्हय गो, हिरव्याच हायत."

दांडीवरची शेवटची बांगडी निळी होती.