घागरभर दुनिया

आमच्या वस्तीतले नामदेव गुर्जी पाहुण्याला आधी चहा देत नाहीत, भूगोल देतात. भरलेली घागर समोर ठेवतात. "हे दुनियेतलं सारं पानी." तिच्यातून वाटीभर काढतात आणि घागरीत मूठभर मीठ टाकतात. "ते समुद्राचं. हे वाटीतलं गोडं." मग अर्ध्याहून जास्त वाटी अंगणात ओततात. "हे बर्फ. ते काही आपल्या बापाचं नाई. उरलं ते भुईच्या पोटात." शेवटी बोट बुडवून एक थेंब दाखवतात. "नद्या, तळे, सारे एवढेच! याच्यासाठी दुनिया भांडून राह्यली."

"घागर खारट केली ना पुन्हा!" आतून गुर्जीण ओरडतात. "आता तुमीच आना भरून."

हातपंपाची दरखास्त घेऊन गुर्जी गुडीहत्नूरच्या मंडल ऑफिसात, म्हणजे आमच्या तहसिलीत गेले, तेव्हाही घागर सोबत. त्या काळी आमच्या बायका गावच्या विहिरीपासून चार हात लांब उभ्या राहायच्या. कुणी वरून ओतेल तेव्हा पाणी. थू त्या गावावर! साहेब राजमंड्रीकडचा तेलुगू माणूस, हिंदी मोडकंतोडकं. गुर्जींनी त्याच्या टेबलावरच समुद्र मांडला. "मास्टरगारू, फाइल भीग रहा!" फायली वाचवायला त्यानं सही केली, असं वस्ती सांगते.

पंप आला. सात-आठ वर्षं आम्ही मानानं प्यालो. मग पोरांच्या दातांवर पिवळे डाग आले, गुडघे वाकले. डॉक्टर म्हणाले, खोल खडकातलं फ्लोराईड. बोअर मारताना पाणी कुणी तपासलंच नव्हतं! गुर्जींची पोरगी सुजाता बारा वर्षांची आहे, भिंत धरून चालते.

मी पत्रक लिहिलं: 'सरकारनं आम्हाला विष पाजलं! पंप बंद करा, नळ द्या!' पहिली सही गुर्जींची हवी म्हणून त्यांच्या घरी गेलो.

वही तपासावी तसं त्यांनी लाल पेन काढलं. 'सरकारनं' खोडलं. वर लिहिलं, 'नामदेवनं'.

"काऊन गुर्जी?"

"दरखास्त माही होती."

"पण पाणी तपासायचं काम त्यांचं होतं!" मी भडकलो.

"होतं ना. नाई कोन म्हनते?" त्यांनी पेनाचं टोपण लावलं. आतल्या खोलीकडे बघत आवाज खाली आणला. "सुजा चार वर्साची होती. पंपाचा पहिलाच पेला. नको म्हने बाबा, कसंतरी लागते. मी डोळे वटारून पाजला."