पुलाआधी मूल वळवा

लहान मुलांच्या कार-सीटच्या एका कडेला बोटभर लांबीची नळी बसवलेली असते. तिच्यात हिरवट द्रव असतो आणि त्यात एक बुडबुडा. गाडी सपाट जागी उभी असताना बुडबुडा दोन काळ्या रेषांच्या मध्ये थांबला, की सीट योग्य कोनात बसली असं समजायचं. हा बुडबुडा फारसा शिकलेला नाही. आपण कोणत्या राज्यात आहोत हे त्याला कळत नाही. मुलाच्या मानेतल्या मणक्यांनाही ते कळत नाही, आणि सृष्टीच्या रचनेतली ही एक गंभीर उणीव आहे. निसर्गाच्या अशा उणिवा भरून काढण्यासाठीच विधिमंडळं असतात.

आमचं ब्रिग्ज लँडिंग हे अमेरिकेतलं गाव नदीच्या पश्चिम काठावर आहे. पूल ओलांडला की दुसरं राज्य लागतं. आमच्या राज्याचा कायदा सांगतो, की मूल एक वर्षाचं होईपर्यंत त्याची सीट उलटी, म्हणजे मुलाचं तोंड गाडीच्या मागच्या काचेकडे येईल अशी बसवावी; नंतर सरळ केली तरी चालेल. पलीकडच्या राज्याने हेच वय दोन वर्षं धरलं आहे. याचा अर्थ उघड आहे. दीड वर्षाच्या मुलाची मान आमच्या काठावर पक्की असते, पुलाच्या मध्यावर ती मऊ पडते आणि परतताना पुन्हा पक्की होते.

डॉक्टर मंडळी मात्र हेकेखोर आहेत. सीट बनवणाऱ्याने वजनाची आणि उंचीची जी मर्यादा सांगितली आहे ती गाठेपर्यंत, म्हणजे पुष्कळ मुलांच्या बाबतीत तीन-चार वर्षांपर्यंत, सीट उलटीच ठेवा, असा त्यांचा धोशा असतो. समोरून धडक बसली तर उलट्या सीटमध्ये डोकं, मान आणि पाठ एकत्रच सीटच्या पाठीत रुततात आणि मार वाटला जातो. सरळ सीटमध्ये धड पट्ट्यांनी जागच्या जागी राहतं आणि डोकं, जे या वयात शरीराच्या मानाने फार जड असतं, एकटंच पुढे निघतं. त्याला थांबवण्याचं काम मानेकडे येतं. (हे दोन्ही काठांवर सारखंच घडतं. डॉक्टरांच्या म्हणण्यातला मोठा दोष तोच. त्यात स्थानिक स्वायत्ततेला वाव नाही.)

कायद्याचं पालन करणारी माणसं आमच्याकडे पहिल्यापासून पुष्कळ. कामं पलीकडे, पाळणाघरं पलीकडे, घरं अलीकडे. त्यामुळे रोज सकाळी पुलाच्या तोंडाशी गाड्या थांबायच्या, आईबाप रस्त्याच्या कडेला उतरून सीट उलटी करायचे आणि संध्याकाळी परतल्यावर सरळ करायचे. मागून ट्रक अंगावरून गेल्यासारखे जायचे. मुलाच्या सुरक्षिततेसाठी मुलाला हमरस्त्यावर उभं करणं बरं दिसत नव्हतं. अखेर कौंटीच्या, म्हणजे इथल्या जिल्ह्याच्या, मंडळावरचे व्हर्लिन स्टॉडर्ड यांनी पुढाकार घेतला आणि पुलालगत ‘वळण-तळ’ उभा राहिला. सहा गाड्यांची जागा, पिवळे पट्टे, गुडघे टेकायला रबरी चटया, आणि एक मोठी पाटी: ‘पुलाआधी मूल वळवा’.

तळाच्या देखरेखीसाठी ‘उभयतट बालवळण समन्वय समिती’ नेमली गेली. व्हर्लिन अध्यक्ष. विज्ञानाची बाजू पाहायला मला घेतलं. बैठकीत ती बाजू कॉफी आणि डोनटच्या नंतर यायची, आणि डोनट चांगले असत.

डोनट लोर्नाचे. तळाच्या कोपऱ्यात तिची गाडी उभी असते. सीट वळवणाऱ्यांना भूक लागते, त्यामुळे तिचा धंदा या व्यवस्थेवरच चालतो. तरीही पहिल्याच बैठकीत, पेपर नॅपकिन वाटता वाटता, तिने अगदी अप्रस्तुत प्रश्न विचारला.

“व्हर्लिन, जाताना उलटी केलेली सीट येताना तशीच ठेवली तर काय बिघडेल? आपला कायदा उलटी ठेवू नका असं म्हणतो का?”

“म्हणत नाही. पण सरकारने दिलेला हक्क वापरायचाच नाही, तर दिला कशाला? उद्या म्हणशील, पासष्टच्या रस्त्यावर साठने चालवा.”

“मी साठनेच चालवते.”

“तरीच तुझे डोनट गार पोचतात.”

सगळे हसले. प्रश्न इतिवृत्तात घेतला नाही.

समितीने पुढे एक पाहणी केली. वर्ष झाल्यावर सीट सरळ का करता, असं पालकांना विचारलं. काहींनी सांगितलं, पाय अवघडतात. (मूल ते पाय स्वतःच्या तोंडात घालू शकतं, ही गोष्ट उत्तर देणाऱ्यांच्या समोरच चालू होती.) काहींना वाटे, त्याला बाहेरचं काही दिसत नाही. काहींनी, आम्ही तर पिकअपच्या मागच्या उघड्या फळीवर बसून लहानाचे मोठे झालो, आम्हाला कुठे काय झालं, असं बजावलं. ज्यांना काही झालं त्यांची मतं, ते उपस्थित नसल्याने, नोंदवता आली नाहीत. सर्वाधिक पसंती चौथ्या उत्तराला होती: कायद्याने चालतं.

त्याच पाहणीत सीट हलवूनही बघितल्या. पट्टा जिथून जातो तिथे धरून हलवलं तर सीट इंचापेक्षा जास्त सरकू नये, असा दंडक आहे. रोज दोनदा सोडून बांधलेल्या सीट झुलत्या खुर्चीसारख्या डुलत होत्या. एक तर हातातच आली. तिच्यातली मुलगी खूश दिसली. परंतु दोन्ही राज्यांच्या कायद्यांत दिशेसाठी वयाचा आकडा आहे, डुलण्यासाठी कोणताही आकडा नाही. सबब दिशेच्या निकषावर तळाचं यश शंभर टक्के ठरलं आणि समितीचं अभिनंदन झालं.

कायदा म्हणजे काय, हे आपल्याकडच्या वाचकांना समजावून सांगायला नको. पस्तीस गुणांना पास. त्याखाली गेलात तर सरकार हरकत घेतं, इतकंच. पस्तीसवर कोणी पेढे वाटत नाही. ब्रिग्ज लँडिंगमध्ये वाटतात, म्हणजे केक वाटतात. तळ झाल्यापासून इथे पहिला वाढदिवस तळावरच करायची पद्धत पडली आहे. फुगे लागतात, नातेवाईक जमतात, आजोबा किंवा आजी सीटचा पट्टा सोडतात, मूल प्रथमच पुढे तोंड करून बसतं आणि समोरच्या सीटची पाठ बघतं. याला ‘जग दाखवणं’ म्हणतात.

यंदा तळाला दहा वर्षं झाली. नव्या छपराचं उद्घाटन ठरलं, आणि योग असा, की त्याच शनिवारी व्हर्लिनचा नातू अमोस एक वर्षाचा होत होता. त्याला आजोबांच्या हस्ते वळवायचं, असं समितीने एकमताने ठरवलं. (मी कॉफी ओतत होते.) अमोसच्या आईबापांना कळवलं.

ते दोघं, कीली आणि गार्थ, माझ्या शेजारीच राहतात. कीलीने सीटबरोबर आलेलं माहितीपुस्तक पूर्ण वाचलं होतं. हा तिचा दुर्गुण लग्नाआधी कोणाच्या लक्षात आला नव्हता. अमोस सीटमध्ये मावेल तोवर उलटाच बसेल, असं तिने ठरवलं होतं, पण सासऱ्यांना ते सांगायचं काम गार्थचं, असंही ठरवलं होतं. गार्थचं उत्तर एकच: बघू. व्हर्लिनची बायको दोन हिवाळ्यांमागे गेली. तेव्हापासून त्यांना तळ आणि अमोस एवढेच दोन विषय उरले होते, आणि आता दोन्ही एका दिवसात आले होते. नाही म्हणायचं, तर दोन्हींना म्हणावं लागणार होतं.

गार्थ टायरच्या दुकानात काम करतो. एका संध्याकाळी मी कुंपणापाशी पानं गोळा करत होते. तो गाडीत गुडघा रोवून अमोसच्या सीटचा पट्टा ताणत होता आणि कीली पायरीवर बसून त्याला ताणत होती.

“दुकानात गिऱ्हाइकाला काय सांगतोस रे? झिजत आलेला टायर आणला की?”

“काय सांगतो?”

“कायद्याला चालेल, पण बर्फात मरायचं असेल तर न्या, असं सांगतोस. मी ऐकलंय. त्या म्हातारबाबांना चार नवे टायर घ्यायला लावलेस.”

“तो टायर आहे, कीली.”

“हो ना. टायरसाठी बोलतोस. मुलासाठी बघू.”

“डॅडनी छपराच्या खांबावर अमोसचं नाव घातलंय. पाहिलंस तू?”

“पाहिलं. खांब उलटा करा म्हणत नाहीये मी.” मग तिने माझ्याकडे वळून विचारलं, “काकू, तुम्ही तर समितीवर आहात. तुम्ही का नाही बोलत?”

मी म्हटलं, माझी बाजू डोनटनंतर येते. ती हसली नाही.

शनिवारी छान ऊन होतं. दोनेकशे माणसं जमली. लोर्नाने दोन रंगांचे डोनट केले होते, अर्धे पश्चिमेच्या रंगाचे, अर्धे पूर्वेच्या, चव एकच. व्हर्लिनने भाषण केलं. दहा वर्षांत तळावर किती वळणं झाली याचा आकडा सांगितला. (आकडा दोन्ही दिशांच्या वळणांचा होता, त्यामुळे मुलं निम्मी समजावीत, आणि एकाच मुलाची रोजची वळणं वेगळी मोजलेली असल्यामुळे त्याहूनही बरीच कमी.) टाळ्या झाल्या. त्यांचा आवाज शेवटच्या माणसापर्यंत पोचत होता. बायकोचं नाव आलं तेव्हा त्यांनी टोपी काढली.

पहिल्या पिवळ्या चौकोनात गार्थची गाडी उभी होती. दार उघडं. अमोस उलट्या सीटमध्ये एक पाय दुमडून झोपला होता. दुसऱ्याचा तळवा गाडीच्या मागच्या सीटच्या पाठीला टेकलेला. अवघडल्याचं कोणतंही लक्षण नव्हतं, परंतु ते वय खोटं बोलण्याचं नसल्याने त्याची साक्ष कोणी काढली नाही. कीली गाडीच्या पलीकडच्या बाजूला उभी होती आणि नदीकडे बघत होती.

व्हर्लिनने वाकून पट्ट्यावर हात ठेवला. फोन वर झाले.

“गार्थ, ती खालची कळ दाब. मला गुडघा टेकवत नाही.”

गार्थ हलला नाही.

“अरे दाब ना. लोक थांबलेत.”

“बघू, डॅड.”

“आता काय बघायचं? वर्ष झालं. आजपासून कायद्याने त्याला पुढे बघता येतं. काही बेकायदा करतोय का आपण?”

गार्थ खाली रबरी चटईकडे बघत राहिला. (ज्या वाचकांच्या गाडीत मूल पुढच्या सीटवर आईच्या मांडीत बसतं आणि दोघांना मिळून एकच पट्टा असतो, तोही चौकात पोलीस दिसला की लावायचा, त्यांनी इथे अमेरिकन लोकांना मनसोक्त हसून घ्यावं. गार्थ बराच वेळ गप्प होता, त्यामुळे सवड आहे. ज्यांच्या स्कूटरवर मूल पुढे उभं राहून वारा खातं, त्यांच्यासाठीही हीच वेळ.)

“बेकायदा नाही,” गार्थ म्हणाला. आवाज टायरच्या दुकानातला होता, घरातला नव्हता. “पण डॅड, कायद्याने मी तुमच्याकडे यायलाही बांधलेला नाही. महिन्यातून एकदा नाही, वर्षातून एकदा नाही. एकही फोन केला नाही, तरी नदीच्या कुठल्याच बाजूला मला दंड होत नाही. आई गेल्यापासून दर रविवारी येतो, ते काय कायद्याला चालेल एवढंच करायचं म्हणून?”

व्हर्लिनचा हात पट्ट्यावर होता तिथेच राहिला. फोन तसेच वर होते. ज्यांनी ते धरले होते त्यांतल्या काहींचे बाप पलीकडच्या राज्यात एकटे राहतात.

“अमोस उलटाच बसेल,” गार्थ म्हणाला. “सीटमध्ये मावेल तोवर. दोन्ही काठांवर.”