द्वारकाचं सुटणारं ब्लेड

आम्ही नवराबायकोनं शेवटचं मिळून काय केलं असंल, तर संध्याकाळी चहा तसाच ठेवून फरशीवर रांगलो. ब्लेड हुडकत होतो. मी पलंगाखाली, ती मशीनखाली.

"सापडली का बया?" तिनं विचारलं.

"नाय. तुझ्या पदराला बघ."

"माझ्या पदराला तुमच्याबिगर कोण चिकटतंय?"

ब्लेड तिच्याच चपलेत निघालं. तिनं ते कपाळाला लावलं आणि लगेच त्याच्यावर खेकसली, "सारखं सारखं माहेर! नांदायचं हाय का नाय तुला?"

हे ब्लेड दाढीचं नव्हं. नक्षी कापायच्या मशीनचं, दोऱ्यासारखं बारीक, दाते असलेलं. वर एक चिमटा, खाली एक चिमटा, मधी हे ताणून बसवायचं. मशीन लावली की ते खालीवर नाचतं आणि लाकडात पाहिजे तसं वळतं. पर चिमट्यातनं निसटलं की टण्णकन उडतं. उडालं की द्वारका ओरडायची, "गेली माहेराला!" पुंडलिकनगरातल्या आमच्या गल्लीला हे पाठ झालं होतं. लाईट गेली तरी बाया गॅलरीतनं ओरडायच्या, "गेली माहेराला!"

मशीन मी आणली. चितेगावच्या ज्या कारखान्यात मी हेल्पर होतो, तिथं ती भंगारात निघाली. मला वाटलं, वर टीव्ही ठेवू. द्वारकानं तिच्यावर पोपट कापला. पिशोरची बाई, शाळेचं तोंड बघितलेलं नाय. मी बी चौथीतनं पळालेला. पर तो पोपट बघून वाटायचं, आता हा आपल्याला नावं ठेवणार. पोपट, चिमण्या, मधी एक मोर, रंगवून दोऱ्यात ओवले की पाळण्यावर टांगायचं चिमणाळं तयार. गल्लीत कुणाला बी लेकरू होऊ दे, द्वारकाचं चिमणाळं त्या घरी जायचंच. विकत देता का म्हणून विचारणाऱ्याला ती दारात उभं करत नव्हती.

ब्लेड मात्र टिकंना. मी पकडीनं चिमट्याचा स्क्रू आवळला, तो तुटला, नवा घालावा लागला. ती म्हणाली, "कारखान्यात तुमी नुसता डबाच खाल्ला का?" मग तिचे उपाय सुरू झाले. चिमट्यात कागदाची घडी घातली. सायकलच्या ट्यूबचं रबर घातलं. लिंबू-मिरची बांधली. शेवटी म्हणाली, "ही नांदंपर्यंत मी जेवणार नाय." ती जेवणार नाय म्हणजे चूल बंद, म्हणजे मी बी उपाशी. तेव्हा मी जाऊन सुतार रशीदभाईला बोलवून आणलं.

रशीदभाईनं बघितलं तर द्वारका नव्या ब्लेडला हळदकुंकू लावून, बोटानं दोन्ही टोकांला तेल चोळत होती.

"अम्मा, ये क्या करते?"

"नवी घरात आली. तिला कोरडी कशी कामाला लावू?"

रशीदभाईनं कपाळाला हात लावला. "तेल पे कौन टिकता अम्मा? कंपनी का तेल बी रहता, वो बी निकालना. थिनर से पोंछो, चिमटे का मुंह बी पोंछो. दोनों सिरे पॉलिश पेपर पे घिसो, फिर बिठाओ. और इत्ता कसो नक्को."

तिनं तसं केलं. ब्लेड बसलं ते एकदम संसारी झालं. त्या दिवशी आमच्याकडं पुरणपोळी झाली.

तरी बी ते सुटायचं. फक्त बारशाच्या दिवशी. मी धोतर नेसून तयार, आणि आतनं आवाज, "गेली माहेराला! आता हे बसवल्याबिगर मी हालत नाय. तुमी जा चिमणाळं घेऊन." मग मी एकटाच जायचो, बायांच्या घोळक्यात घुगऱ्या खाऊन यायचो.

एकदा चष्मा विसरला म्हणून कोपऱ्यावरनं माघारी आलो. खिडकीतनं दिसलं. द्वारका तेलाच्या बाटलीत बोट बुडवून ब्लेडाच्या टोकांला लावत होती. हळूहळू, लेकराला लावावं तसं. मी चष्मा न घेताच गेलो.

आम्हाला लेकरू नव्हतं. मागं एका बारशात एका म्हातारीनं तिला पाळण्यापासनं उठवलं होतं, "तू जरा मागं बस बाई." तेव्हापासनं ती कुठल्याच बारशाला गेली नाय.

मग वरच्या मजल्यावरल्या भाडेकरू शुभांगीला मुलगी झाली. ती जिन्यावरनंच ओरडली, "मावशी, पाळण्यात लेक तुमीच घालायची!"

"ब्लेडाचं काय सांगता येत नाय गं."

"मग मशीन वर उचलून आणते. तुमाला बी."

"सासू काय म्हणंल?"

"तिलाच विचारा, ती हितंच उभी हाय."

सासू वरनं म्हणाली, "या की वो बाई, किती मिनत्या करायच्या!"

"येते," द्वारका म्हणाली.

म्हणून बारशाच्या आदल्या त्या संध्याकाळी ब्लेड चपलेत सापडलं तेव्हा मी तिच्या हाताकडं बघत बसलो. तेलाची बाटली तिच्या गुडघ्यापाशीच होती. तिनं ती मागं सरकवली.

मग म्हणाली, "थिनर कुठं ठेवलंय?"

पुसलं. चिमटे पुसले. टोकं घासली. बसवलं. राहिलेला शेवटचा पोपट कापला; ब्लेड जागचं हाललं नाय. तिनं चिमणाळं ओवलं, हिरवं लुगडं काढून खुंटीला अडकवलं आणि म्हणाली, "उद्या मला लवकर उठवा."

सकाळी मी हाका मारल्या. डॉक्टर आला, म्हणाला झोपेतच गेल्या.

गल्ली जमली. कोण बांबू आणायला गेलं, कोण पाहुण्यांला फोन करत होतं. मी चिमणाळं घेतलं आणि जिना चढलो. वर शुभांगी रडत पाळण्याची फुलं काढत होती. सासूनं माझ्या हातात काय हाय ते बघितलं.

"दादा, आज? मयताच्या घरातनं?"

मी म्हणालो, "बारसं तुमी पुढं कवा बी करा. पर हे आज बांधायचं. ती येणार होती."

"व्हय, म्हणाली होती."

"म्हणायची ती दर बारशाला. ह्या बारीला खरंच येणार होती."

सासूबाईंनी डोळ्याला पदर लावला, भिंतीपासलं स्टूल ओढलं आणि दोन्ही हातांनी धरून उभ्या राहिल्या. मी चढलो. चिमणाळं बांधलं, गाठ ओढून बघितली, आणि खाली द्वारकापाशी जाऊन बसलो.