गुंडूअण्णांचा मालकशोध

आमच्या मळमड्डीत कुत्रं मागं लागलं की लोक सायकल पळवतात. गुंडूअण्णा उतरतात. सायकल मधे आडवी लावतात आणि भुंकणाऱ्या कुत्र्यासमोर घंटी वाजवत ओरडतात, "नायी यार्द री?" म्हणजे, कुत्रं कुणाचं हो? मालक बाहेर येईपर्यंत घंटी थांबत नाही. कुत्रं दमतं, अण्णा दमत नाहीत.

हे माझे शेजारी, अगदी भिंतीला भिंत. हुबळीचं कापडदुकान पुतण्यांना देऊन इथं एकटेच राहतात. वय चौऱ्याहत्तर. बेंगळूरच्या मुलानं दम दिलाय, "अप्पा, कुत्र्यापायी पुन्हा पडलात तर सायकल विकून टाकीन." तेव्हापासून ही लढाई.

आणि मालक तरी काय एकेक! एक जण गॅलरीतून म्हणाले, "काही करत नाही हो तो!"

"एवढा थोराड झाला आणि काही करत नाही? मग कुठंतरी नोकरीला लावा की!"

दुसऱ्या म्हणाल्या, "तो फक्त सायकलवाल्यांवर भुंकतो, अण्णा."

"मग मी काय विमानानं येऊ?"

कोपऱ्यावरच्या सुधाबाईंचा राजा मात्र एके दिवशी भुंकण्यावर थांबला नाही. अण्णांच्या पायजम्याचा तुकडा तोंडात घेऊनच माघारी फिरला. झाली घंटी सुरू. सुधाबाई आल्या, पायजमा बघितला आणि म्हणाल्या, "आमचा नव्हेच तो. रस्त्यावरचा आहे."

राजाच्या गळ्यात लाल पट्टा, आणि तो उभा त्यांच्याच पायपुसण्यावर!

"असं होय? बिचारा अनाथ." अण्णांनी कॅरिअरची दोरी पट्ट्याला बांधली, पिशवीतला पाव दाखवला आणि सायकल ढकलत राजाला घरी घेऊन आले.

तासाभरात सुधाबाई दारात. रडवेल्या झालेल्या. "अण्णा, आमचा राजा द्या की हो."

"कुणाचा?"

"आमचा."

"जोरात म्हणा. मघाचं गल्लीनं ऐकलंय."

"आमचा हो, आमचा!" मी पोळी तव्यावर टाकून बाहेर धावले होते, ती करपली, पण ऐकायला मिळालं.

गुंडूअण्णा बिनमालकाची कुत्री घरी नेतात, ही बातमी संध्याकाळपर्यंत सगळीकडं. दुसऱ्या दिवसापासून एकूण एक कुत्रं साखळीला आणि फाटकं बंद.

अण्णा सकाळी सहाला निघाले ते सव्वासहाला परत. एरवी आठ वाजायचे.

"काय अण्णा, जिंकलात की!"

"हं." सायकल भिंतीला टेकवली. "कुणी बाहेरच आलं नाही, अक्का. सुधाबाईंच्या फाटकाशी चेन पडल्याचं सोंग करून थांबलोसुद्धा. नुसता पडदा हलला."

माझ्या कट्ट्यावर बसले. मी चहा दिला. बशीत ओतला, फुंकर घातली, प्यायले नाहीत.

"अक्का, तुम्ही एखादं कुत्रं का पाळत नाही?" म्हणाले. "मोकळं सोडलं तरी मी काही म्हणणार नाही."