'सा' निश्चित करण्याबाबत

गौरवदिनी सर्व कर्मचाऱ्यांनी विभागगीत 'एका सुरात' सादर करावे, असे परिपत्रक नागपुरातल्या एका शासकीय कार्यालयात येऊन थडकले. त्यामुळे सक्करदऱ्यात गाण्याचे वर्ग घेणाऱ्या मायाताईंना तातडीने बोलावण्यात आले.

पहिल्याच दिवशी त्यांनी पेटीवर काळी एक दाबली. "एकसूर म्हणजे सगळ्यांचा स्वर एकच. बायका वरच्या सप्तकात, पुरुष खालच्या, चालेल. मधेच कुठेतरी चालणार नाही."

कार्यालयप्रमुख महादेवराव नेमके मधेच कुठेतरी लागले. काळी एकच्या खाली, पांढरी एकच्या वर. जिथे पेटीला पट्टीच नसते, तिथे.

"साहेब, थोडं वर घ्या."

बाकीच्या एकोणचाळीस जणांनी एकदम साहेबांकडे पाहिले. प्रेमिलाबाई हेडक्लार्क ताईंना कोपऱ्यात घेऊन गेल्या. "साहेब कशाले वर जातील वं? बाकीचे एकोणचाळीस खाली येतील ना!"

दुसऱ्या दिवशी आदेश निघाला : 'सा' या स्वराची निश्चिती सक्षम प्राधिकारी करतील. गुरुवारी सक्षम प्राधिकाऱ्यांना सर्दी झाली, सा आणखी घसरला, पाठोपाठ कार्यालयही घसरले. पेटी तेवढी घसरेना. त्रिसदस्यीय समितीने तपासणी करून 'आदेशित स्वर उपलब्ध नाही' या कारणास्तव ती निर्लेखित केली, म्हणजे भंगारात काढली. पेटी मायाताईंची स्वतःची होती, ही बाब समितीच्या कार्यकक्षेबाहेरची होती.

उरला शिपाई नत्थू. भजनीमंडळात वाढलेला त्याचा गळा सूर सोडायला तयार नव्हता. 'एकट्याने बरोबर गाऊन सामूहिक सुरात व्यत्यय आणल्याबद्दल' त्याला नोटीस मिळाली.

"मॅडम, मी बरोबर म्हणून राहिलो, तरी मलेच नोटीस काहून?"

त्याच्या निवृत्तीला चार महिने होते. मायाताई खाली बघत म्हणाल्या, "नत्थूभाऊ, आवाज काढू नका. नुसते ओठ हलवा." आयुष्यात प्रथमच त्यांनी कोणाला न गाण्याची शिकवणी दिली.

गौरवदिनी सभागृह गच्च भरले. ज्यांचे अर्ज कार्यालयात अडकले होते, अशा तीनशे नागरिकांना आवर्जून बोलावले होते. गीत झाले. साहेबांच्या सुराचा प्रत्येकाने आपापला अंदाज बांधला होता, त्यामुळे एकूण एकोणचाळीस सूर लागले. मागच्या रांगेत नत्थू मान खाली घालून ओठ हलवत होता. ते ताईंनी पाहिले. आता काय ते खरे सांगूनच टाकायचे, म्हणून त्या उठल्या.

तेवढ्यात मंचावरच्या प्रमुख पाहुण्यांनी माइकवरून सभागृहाला विचारले, "कसं वाटलं?"

"उत्तम!"

तीनशे गळे, एक स्वर, केसाचाही फरक नाही. वीस वर्षांच्या शिकवणीत असा निर्दोष एकसूर मायाताईंनी ऐकला नव्हता. आणि त्यात आपलाही आवाज मिसळलेला ऐकून त्या मटकन खाली बसल्या.

बाहेर पडताना त्यांनी एकेक चेहरा न्याहाळला. सगळे ओळखीचेच निघाले. तुम्ही मात्र म्हणता, त्या दिवशी तुम्ही गावातच नव्हता.