सासूबाईंचा लेखी खुलासा

सुनेत्राचा निकाल कॉलेजनं अडवून ठेवला, कारण पेपरच्या वेळी तिच्या मागच्या खुर्चीत सासूबाई बसल्या होत्या. सासूबाईंना जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती.

म्हणजे, बसला होता त्यांचा फोटो. अबू धाबीतल्या खलिफा सिटीच्या घरी बी.कॉम.चा शेवटचा ऑनलाइन पेपर सुरू होण्याआधी सुनेत्रा फोटोच्या पाया पडली, आणि आशीर्वाद पाठीशी असावा म्हणून तो हारासकट खुर्चीत टेकवला. सासूबाईंची नजरच अशी, की उतू जाणारं दूधही खाली बसायचं. पेपरवर पहारा ठेवणाऱ्या कॅमेऱ्यानं नोंद केली : 'खोलीत दुसरी व्यक्ती. पापणी न लवता विद्यार्थिनीकडे बघते.'

पास झाली तरच ऑफिसात सुपरवायझर होणार होती. तिनं कॉलेजकडे तक्रार केली. उत्तर आलं, 'सदर व्यक्तीचा लेखी खुलासा पाठवा.'

"आईचा खुलासा?" तिचा नवरा विजयकुमार म्हणाला. "जिवंतपणी बाबांना दिला नाही तिनं कधी. ह्यांना देणारेय?"

कॉलेज परराज्यातलं. सुनेत्रानं तिथल्या शिक्षण खात्याची वेबसाइट उघडली. 'तुमचं राज्य' विचारलं होतं, आणि यादीत अबू धाबी नव्हतं.

"मम्मा, जस्ट पुट महाराष्ट्र," लेक ईश्वरी म्हणाली.

झालं. खात्यानं कळवलं, महाराष्ट्राकडे जा. महाराष्ट्रानं कळवलं, कॉलेज आमचं नाही, तिकडेच जा. शेवटी सुनेत्रानं खात्यात फोन लावला.

"मॅडम, पहले कॉलेज में मामला पूरा कीजिए," तिकडचे साहेब म्हणाले. "उन्होंने क्या माँगा है?"

"सासूजी का खुलासा."

"तो दे दीजिए."

"वो गुजर गयी हैं."

"तो डेथ सर्टिफिकेट लगा दीजिए." मग साहेबांना शंका आली. "परीक्षा से पहले का है ना?"

सर्टिफिकेट गेलं. सोबत फोटोचा फोटो गेला, पुढून आणि मागून, मागच्या खिळ्याच्या कडीसकट. कॉलेजनं आणखी महिनाभर विचार केला आणि एकदाचा निर्णय दिला :

'तक्रार मान्य. सदर व्यक्ती आधीच मृत असल्याने तिने कोणतीही मदत केली नाही, हे सिद्ध होते. गुण सर्वस्वी विद्यार्थिनीचे स्वतःचे आहेत. अकाउंट्स : शंभरपैकी अकरा.'

विजयकुमार खिडकीबाहेर बघत राहिला. हसला असता तर त्या रात्री जेवण मिळालं नसतं.

सुनेत्रानं ते परत एकदा वाचलं. मग अगदी शांतपणे म्हणाली, "ईश्वरी, ती तक्रार मागं घेता येते का, बघ गं जरा."